भर दुपारी, जेवायच्या वेळेला

'मिलो' हा शब्द आमच्या घरात मी धान्याचं नाव म्हणून ऐकलाच नाही. ऐकला तो शिवी म्हणून. भाकरी तव्यावर टाकताना मोडली, की आजी आईला म्हणायची, "मिलोचं पीठ हाय व्हय गं?" एखादा माणूस दिसायला धड पण उपयोगाला शून्य असला, तर तोही मिलो. एका चुलत मामांना तर आख्खं गाव पाठीमागं मिलो म्हणायचं. ते नाव त्यांना का पडलं, हे कळायला मला दहावी उजाडली.

आमचं गाव करमाळ्याच्या बाजूला. ज्वारीच्या बाबतीत आमच्याकडची माणसं फार नाकानं बोलतात. मालदांडीच्या पिठाला आधणाचं पाणी घालून मळलं, की ते हाताखाली सरकत जातं, कड फाटत नाही, भाकरी टम्म फुगते. अशा माणसांच्या पदरात बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो पडला. तीही ज्वारीच, पण बारीक, तांबडी, कडवट चवीची. पिठाला चिकटपणा नाही. थापायला घेतली की परातीतच चिरा. आजी दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून यायची आणि संध्याकाळी त्या पिठाशी झगडायची. शेवटी तिनं भाकरीचा नाद सोडून त्याच्या घुगऱ्या आणि कण्या शिजवायला सुरुवात केली. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव अजून आठवते. मिलोची आठवत नाही म्हणते, पण ते म्हणताना तोंड वाकडं करते.

"तिकडं गुरांना घालत्यात म्हणं," हे आजीचं शेवटचं वाक्य असायचं. खरंच आहे ते. अमेरिकेत तेव्हा मिलो मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवायचे. पण तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा मानहानी जास्त होती. पोट भरलं हेही खरं, आणि कुणीतरी लांबून, न बघता, गव्हाणीत टाकावं तसं टाकलं हेही खरं.

त्या 'कुणीतरी'चा शोध मी काही ठरवून घेतला नाही. पण अमेरिकेच्या धान्याबद्दल जिथं जे हाताला लागेल ते वाचायची सवय लागली. वाचता वाचता सापडले आपलेच स. का. पाटील. मे १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य जन्माला येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा केंद्राचे अन्नमंत्री म्हणून ते वॉशिंग्टनला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या शेजारी बसून सही करत होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. पैसे डॉलरमध्ये नाही, रुपयांत. यालाच, त्या अमेरिकी कायद्याच्या ('पब्लिक लॉ') नंबरवरून, आपल्याकडची जुनी माणसं अजून 'पीएल चारशे ऐंशी' म्हणतात. मुंबईच्या या अनभिषिक्त सम्राटाला पुढं १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस या कामगार पुढाऱ्यानं पाडलं, ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. मला मात्र गुंतवून ठेवलं ते दुसऱ्याच एका जॉर्जनं.

या धान्याच्या कार्यक्रमाला केनेडींनी १९६१ च्या जानेवारीत नवं रूप दिलं, 'शांततेसाठी अन्न' हे नाव पुढं केलं आणि व्हाइट हाउसमध्ये त्यासाठी वेगळं कार्यालय उघडलं. त्याचा पहिला संचालक जॉर्ज मॅकगव्हर्न. वय ३८. साउथ डकोटाचा, नुकताच निवडणूक हरलेला, त्याआधी इतिहासाचा प्राध्यापक, त्याआधी बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक. नाव ओळखीचं वाटलं, कारण १९७२ मध्ये निक्सनसमोर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून ५० पैकी ४९ राज्यं हरलेला तो हाच. आजी खडी फोडत होती त्याच वर्षी. आजीच्या ताटातला मिलो नेमका कुठल्या कराराचा, कुठल्या बोटीतला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, आणि मॅकगव्हर्न तर ते खातं १९६२ मध्येच सोडून गेला होता. तरीही माझ्या मनात ही दोन माणसं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

त्याच्या बापापासून सुरुवात करायला हवी. जोसेफ मॅकगव्हर्न नऊ वर्षांचा असताना कोळशाच्या खाणीत कामाला लागला. तेराव्या वर्षी आईबाप दोघंही नव्हते. बेसबॉल बरा खेळायचा म्हणून पैसे मिळवणारा खेळाडू झाला, पण सोबतच्यांची दारू, जुगार आणि बाया बघून विटला आणि धर्मोपदेशक झाला. कडक मेथडिस्ट. घरात सिनेमा बंद, नाच बंद, पत्ते बंद. पगार महिन्याला १०० डॉलरच्या आत, आणि तोही बऱ्याचदा बटाटे-कोबीच्या रूपात, कारण चर्चला येणाऱ्या शेतकऱ्यांकडंच काही नसायचं. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच म्हणायचं. जॉर्जचा जन्म १९ जुलै १९२२ चा, अ‍ॅव्हन नावाच्या चिमुकल्या गावातला. वाढला मिचेलमध्ये.

या मिचेलमध्ये एक इमारत आहे, तिला 'कॉर्न पॅलेस' म्हणतात. मक्याचा राजवाडा. दरवर्षी तिच्या बाहेरच्या भिंती रंगीबेरंगी कणसांनी मढवतात, चित्रं काढतात, पुढच्या वर्षी उतरवून नवी लावतात. पक्षी येऊन भिंती खातात. हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग जॉर्जच्या लहानपणीचं तीसचं दशक आठवलं. महामंदी आणि दुष्काळ एकाच वेळी. मातीची वादळं इतकी, की भर दिवसा दिवे लावायचे. मातीतून वाचलं ते टोळांनी खायचं.

त्या काळातला एक प्रसंग तो आयुष्यभर सांगायचा. बापाबरोबर एका शेतकऱ्याच्या घरी गेला, तर तो बाप्या पायरीवर बसून रडत होता. हातात चेक. वर्षभर वाढवलेली डुकरं बाजारात पाठवली होती, त्यांचे पैसे आले होते, आणि त्या पैशांत डुकरं पाठवायचं गाडीभाडंही निघत नव्हतं. हे वाचून आमच्या भागात कुणालाही वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. कांद्याची पट्टी हातात आल्यावर हमाली, तोलाई, भाडं वजा जाता शेतकऱ्यानंच वरून पैसे द्यायचे, असा हिशेब आमच्या घरी मी स्वतः पाहिलाय. वडिलांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कुणालाच दाखवला नाही. मला तो सापडला धुवायच्या कपड्यांत.

जॉर्ज लाजाळू होता. शाळेत कसरतीच्या घोड्यावरून उडी मारायची होती, हा ऐनवेळी अडला. शिक्षक सगळ्यांसमोर भित्रा म्हणाले. ते त्याला इतकं लागलं, की कॉलेजात असताना सरकारी योजनेतून विमान चालवायला शिकला, तेही उंचीची भीती वाटत असताना. माणसं इरेला पेटून काय काय करतात! पर्ल हार्बरनंतर मित्रांबरोबर ओमाहाला जाऊन नाव नोंदवलं. १९४३ मध्ये एलिनॉर स्टेगेबर्ग या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न झालं, आणि १९४४ मध्ये तो इटलीला निघाला. विमानाला नाव दिलं बायकोच्या मानासाठी, 'डकोटा क्वीन'. डकोटाची राणी.

नेपल्सच्या बंदरात बोट लागली तेव्हा धक्क्यावर पोरांची गर्दी होती. हाडं वर आलेली, हात पसरलेली, चॉकलेट मागणारी. बोटीवरून सूचना आली, काही फेकू नका, कारण आदल्या दिवशी असंच फेकलं तेव्हा पोरांनी पाण्यात उड्या घेतल्या आणि काही बुडून मेली. डेकवर उभ्या असलेल्या त्या सगळ्यांचे खिसे भरलेले होते. पुढं तळावर रोज दिसायचं, की जेवणाची उष्टी जिथं टाकतात तिथं आसपासच्या बायका भांडी घेऊन बसलेल्या. डकोटात त्यानं गरिबी बघितली होती, पण कुणी भुकेनं मरताना बघितलं नव्हतं, असं तो पुढं म्हणायचा.

त्याचं विमान बी-२४, म्हणजे लिबरेटर. दहा माणसं, चार इंजिनं, आणि पत्रा इतका पातळ की छर्रा या बाजूनं शिरून त्या बाजूनं निघायचा. आत ऊब नाही, हवेचा दाब नाही. वीस-पंचवीस हजार फुटांवर थंडी शून्याखाली चाळीस-पन्नास अंश, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, आणि विमान वळवायचं चाक इतकं जड की सहा-आठ तासांनी उतरताना वैमानिकाचे हात थरथरायचे. चेरिन्योला या गावाजवळचा तळ, ४५५ वा बॉम्ब ग्रुप. एकूण ३५ मोहिमा पूर्ण केल्या की घरी. हा बावीस वर्षांचा.

डिसेंबर १९४४ मध्ये पिल्झेनच्या स्कोडा कारखान्यावर जाताना एक इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्यानं पेट घेतला. इटलीपर्यंत परत जाणं शक्य नव्हतं. मध्ये एड्रियाटिक समुद्रात व्हिस नावाचं बेट होतं, युगोस्लाव्हियाच्या टिटोच्या गनिमी सैनिकांच्या ताब्यातलं. तिथली धावपट्टी २,२०० फुटांची, लहान लढाऊ विमानांसाठी केलेली. चार इंजिनांच्या धुडाला त्याच्या दुप्पट तरी लागायची. आधी कित्येकांनी तिथं उतरायचा प्रयत्न करून जीव गमावला होता. हा उतरला, दहाही जण जिवंत. यासाठी त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. शेवटची, पस्तिसावी मोहीम २५ एप्रिल १९४५ ची, लिंझवरची. परत आलेल्या विमानाला ११० भोकं होती आणि ब्रेक निकामी. उतरताना मागच्या बाजूला बांधलेल्या हवाई छत्र्या उघडल्या आणि त्यांच्या ओढीनं विमान थांबवलं. इथपर्यंतची गोष्ट शौर्याची आहे आणि ती कुणालाही सांगता येते.

मला सांगायची आहे ती १४ मार्चची. ऑस्ट्रियावर बॉम्ब टाकून परत येताना कळलं, की एक बॉम्ब आतच अडकलाय. तो घेऊन उतरायचं म्हणजे धावपट्टीवर सगळ्यांचे तुकडे. विमान खाली आणलं, खालचं दार उघडं ठेवून दोघांनी खटपट केली, आणि शेवटी बॉम्ब सुटला. मॅकगव्हर्ननं खाली पाहिलं. खाली शेत होतं, शेतात घर होतं, आणि घर होतं तिथं धुराचा लोट उठला. त्यानं घड्याळ पाहिलं. दुपारचे बारा.

इथं मी वाचताना थांबलो होतो. त्या आकाशात त्या महिन्यात हजारो विमानं होती. कुणाचे बॉम्ब कुठं पडले याची मोजदाद नाही. दुसऱ्या कुणाला त्या उंचीवरून चौकोनी हिरवे तुकडे आणि एक छप्पर दिसलं असतं. याला घड्याळात बारा दिसले आणि कळलं, की आत्ता सगळे घरात आहेत. सकाळपासून रानात असलेला बाप आत येऊन हात धुतोय, पोरं ताटावर बसलीत. तो शेतकऱ्यांच्या मुलखातला होता, म्हणून कळलं. आमच्याकडंही उन्हाची तिरीप उंबऱ्यावर आली की आजी परात बाजूला करायची. त्या वेळी कुठल्याही वस्तीवर जा, माणसं जेवताना सापडणार म्हणजे सापडणार.

तळावर उतरला तर तार आलेली. चार दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. अ‍ॅन. इकडं एक बाळ जगात आलं आणि तिकडं कुणाची तरी पोरं आपण मारली, हा हिशेब त्याच्या डोक्यातून चाळीस वर्षं गेला नाही. आणखी एक गोष्ट सांगायची राहते. युद्ध संपल्यावर मे-जूनमध्ये तो उत्तर इटलीत विमान घेऊन जायचा ते बॉम्ब नाही, धान्य घेऊन.

घरी आल्यावर आधी थोडे दिवस बापासारखं धर्मोपदेशक व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग इतिहास. डॉक्टरेटसाठी विषय घेतला कोलोरॅडोतल्या कोळसा खाणींचा १९१३-१४ चा संप. साडेचारशे पानं. त्यातून १९५३ मध्ये पदवी मिळाली. बाप नवव्या वर्षी कोळशाच्या खाणीत होता हे लक्षात ठेवलं, की विषयाची निवड शैक्षणिक वाटत नाही.

त्या संपातल्या मागण्या पाहाव्यात. दिवसाचे आठच तास काम. कंपनीच्याच दुकानात माल घ्यायची सक्ती नको. डॉक्टर आमच्या पसंतीचा. आणि काट्यावर आमचा माणूस. ही शेवटची मागणी मला फार जवळची वाटते. खाणकामगाराला मजुरी टनावर मिळायची आणि टन मोजणारा माणूस कंपनीचा. आमच्याकडं ऊस पट्ट्यात काटामारी हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. मालक तोच, काटा त्याचाच, आणि वजनाबद्दल शंका घेतली तर तूच खोटा.

संप सुरू होताच कंपनीनं कामगारांना खोल्यांतून बाहेर काढलं. युनियननं माळावर तंबू ठोकून दिले. लडलो इथं सुमारे बाराशे माणसं अख्खा बर्फाळ हिवाळा तंबूत राहिली. गोळ्या लागतात म्हणून तंबूखाली खड्डे खणून बायकापोरांना त्यात बसवायचे. २० एप्रिल १९१४ ला राज्याच्या सैन्यानं वस्तीवर गोळीबार केला, संध्याकाळी तंबू पेटले, आणि एका खड्ड्यात २ बायका आणि ११ मुलं गुदमरून मेली. वर आग, खाली ती. ज्या माणसानं वरून एक घर जाताना पाहिलं होतं, तो आता ग्रंथालयात बसून, कागदांतून, त्या खड्ड्यात काय झालं हे एकेक करून लिहीत होता.

एवढं लिहून झाल्यावर कॉलेजातली कायमची नोकरी सोडून हा गृहस्थ साउथ डकोटाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा कार्यवाह झाला. पक्ष म्हणजे काय, तर विधिमंडळातल्या ११० जागांपैकी २. घरच्यांना वेड लागल्यासारखंच वाटलं असेल. हा जुनाट गाडी घेऊन गावोगाव फिरायचा, भेटलेल्या प्रत्येकाचं नाव, शेत, अडचण एका कार्डावर लिहायचा. धान्याच्या कोठारापाशी, पेट्रोल पंपावर, चर्चच्या जेवणावळीत. पुढच्याच निवडणुकीत २ चे २५ झाले आणि १९५६ मध्ये तो स्वतः काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या प्रतिनिधीगृहात गेला. १९६२ मध्ये सेनेटवर निवडून आला तो फेरमोजणीनंतर, ५९७ मतांनी. मध्ये कावीळ होऊन तो अंथरुणावर होता आणि प्रचार एलिनॉरनं केला. ५९७ मतांत ती कार्डं किती होती, असं माझ्या मनात येतं. आपल्याकडं जुने कार्यकर्ते अशी डायरी ठेवायचे, लग्नाच्या आणि दहाव्याच्या तारखांसकट.

याला कामगार पुढारी म्हणायचं का? चोख अर्थानं नाही. साउथ डकोटात तेव्हा कारखाने थोडे. सू फॉल्समधला मांसाचा कारखाना, लीडची सोन्याची खाण, आणि बाकी सगळं शेत. तिथं श्रमिक म्हणजे मुख्यतः कर्जात बुडालेला लहान शेतकरी, जो मालक म्हणवतो आणि मजुरासारखा राबतो. मॅकगव्हर्न त्याचा माणूस. गव्हाला भाव मिळावा म्हणून भांडणारा, आणि त्याच गव्हाची कोठारं ओसंडून चालली तर ती भुकेल्यांकडं न्या म्हणणारा. १९६१ च्या एप्रिलमध्ये रोमला जाऊन त्यानं प्रस्ताव ठेवला, की सगळ्या देशांनी मिळून १० कोटी डॉलरचा अन्ननिधी उभा करावा. आजचा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम त्यातून आला. परोपकार आणि मतदारसंघ त्यानं एकाच पोत्यात भरले, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. या स्वस्त धान्यानं आपल्या शेतकऱ्याचे भाव पाडले, असंही आपल्याकडच्या बऱ्याच अर्थतज्ज्ञांनी मांडलं आहे. फुकटाचं धान्य कुठं ना कुठं कुणाचं तरी खळं रिकामं करतंच. पण नेपल्सचा धक्का ज्यानं बघितलाय, त्याला हे सांगायचं कसं, हाही प्रश्न आहे.

आणि आता १९७२. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध तो १९६३ पासून बोलत होता. सप्टेंबर १९७० मध्ये भर सेनेटमध्ये म्हणाला होता, की पन्नास हजार पोरांना थडग्यात पाठवायला इथला प्रत्येक सेनेटर थोडाथोडा जबाबदार आहे आणि या सभागृहाला रक्ताचा वास येतोय. सभागृह गप्प झालं, आणि मग ५५ विरुद्ध ३९ मतांनी सैन्य परत आणायचा त्याचा ठराव पाडून मोकळं झालं. दोन वर्षांनी तो पक्षाचा उमेदवार झाला. त्याच वर्षी त्याचा खाण संपावरचा जुना प्रबंध पुस्तक होऊन बाहेर आला. आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या सगळ्यात मोठ्या महासंघानं, एएफएल-सीआयओनं, त्याला पाठिंबा नाकारला.

महासंघाचे अध्यक्ष जॉर्ज मीनी. मूळचे प्लंबर. त्यांचा राग एका कारणाचा नव्हता. मीनी युद्धाच्या बाजूचे. शिवाय पक्षाचे उमेदवार निवडायचे नियम मॅकगव्हर्नच्या समितीनं बदलले आणि बंद खोलीत बसून नाव ठरवणाऱ्या युनियन पुढाऱ्यांच्या जागी पोरंटोरं, बायका आणि काळे प्रतिनिधी आले. पण एक जुनी खूणगाठही होती. कामगाराला युनियनचं सदस्यत्व सक्तीचं करणाऱ्या करारांवर राज्यांना बंदी घालता यायची. ती तरतूद रद्द करायचा प्रयत्न साठच्या दशकात झाला, तेव्हा मॅकगव्हर्ननं युनियनच्या बाजूनं मत दिलं नाही. साउथ डकोटाच्या शेतकऱ्यांना ती बंदी हवी होती. लडलोवर साडेचारशे पानं लिहिणारा माणूस मत देताना पाचशे सत्त्याण्णव मतं विसरला नाही. काही युनियन मीनींना न जुमानता त्याच्याबरोबर गेल्या, पण घाव बसायचा तो बसला. मला यात मॅकगव्हर्नची बाजू पूर्ण घेता येत नाही. मीनींचीही नाही.

निक्सनची माणसं त्याला भेकड, देश विकायला निघालेला म्हणत होती. युद्धात निक्सन पॅसिफिकमध्ये नौदलाच्या रसदीच्या कामावर होते. सल्लागार म्हणत, ३५ मोहिमांबद्दल बोला, व्हिसबद्दल बोला, तो क्रॉस दाखवा. हा जवळपास बोललाच नाही. लोक याला भिडस्तपणा म्हणतात. मला वाटतं, व्हिसची गोष्ट सांगायची तर १४ मार्चची सांगावी लागली असती. हाती लागलं ते एकटं मॅसॅच्युसेट्स राज्य आणि राजधानी. स्वतःचं साउथ डकोटाही गेलं. १९८० मध्ये सेनेटची जागाही गेली.

उतारवयात एक गंमत झाली. १९८८ मध्ये त्यानं कनेक्टिकटमध्ये स्ट्रॅटफर्ड नावाच्या गावात एक लॉज घेतलं. दोन-तीन वर्षांत दिवाळं निघालं. त्यावर त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहून कबूल केलं, की मी कायदे करत होतो तेव्हा धंदा चालवून बघितला असता तर बरं झालं असतं. पुढं बॉब डोलबरोबर त्यानं गरीब देशांतल्या शाळांत मुलांना जेवण द्यायची योजना उभी केली. डोल विरोधी पक्षाचे, कॅन्ससचे, तेही शेतीच्या मुलखातले, आणि तेही १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतच होते. तिथंच जखमी होऊन त्यांचा उजवा हात कायमचा गेला. दोघांना मिळून २००८ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. मॅकगव्हर्न २१ ऑक्टोबर २०१२ ला सू फॉल्समध्ये गेला.

ऑस्ट्रियातल्या त्या घराचं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकात तो तिकडं व्याख्यानं द्यायला गेला असताना टेलिव्हिजनच्या मुलाखतीत त्याला विचारलं, युद्धातल्या कशाचा पस्तावा होतो का. त्यानं बारा वाजताची गोष्ट सांगितली. कार्यक्रम झाल्यावर वाहिनीला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. ते शेत माझं होतं, म्हणाला. त्या दिवशी एकटंच विमान खाली येताना दिसलं म्हणून मी बायकोला आणि तीन मुलींना घेऊन चरात जाऊन पडलो. घर गेलं, माणसं वाचली. हिटलरचा मला तिटकारा होता. त्या बॉम्बनं युद्ध मिनिटभर जरी लवकर संपलं असेल तरी घर गेल्याचं दुःख नाही, हे त्यांना सांगा.

हे मी गेल्या दिवाळीत आईला सांगितलं. ती जात्याजवळच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षं त्या माणसाला झोप नसेल लागली, असं काहीतरी ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि विचारलं,

"आणि दावणीची जनावरं? ती सोडली होती का त्यानं?"